शरद ऋतूतला पालक

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी माणसाने 'फ्लर्ट' हा शब्द शब्दकोशात पाहिला, तर त्याला साधारण दोन उत्तरं मिळतात. पहिलं 'त्याओछिंग'. यातलं 'छिंग' म्हणजे भावना, प्रेम. आणि 'त्याओ' म्हणजे छेडणे. दुसरं उत्तर जास्त मजेशीर आहे : 'दा छिंग मा छ्याओ'. यातल्या 'दा'चा अर्थ मारणे, आणि 'मा'चा अर्थ चक्क शिव्या घालणे! म्हणजे खोटं खोटं मारायचं, खोटं खोटं रागवायचं. आपल्या लटक्या रागाचाच चिनी भाऊ.

इंजिनिअरला शब्दकोश म्हणजे लुकअप टेबल वाटणं साहजिक आहे. इकडून शब्द टाका, तिकडून शब्द घ्या. पण प्रेमाच्या चाळ्यांचे शब्द या टेबलात नीट बसतच नाहीत. कारण तोच 'त्याओ' 'त्याओशी' या शब्दातही आहे, आणि त्याचा अर्थ सरळसरळ बाईची छेड काढणे. शिवाय वाद्याच्या तारा जुळवण्यासाठीही हेच अक्षर लिहितात. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपणही सतार छेडतो, आणि मुलींची छेडही काढली जाते. (एकीला टाळ्या मिळतात, दुसरीला चप्पल.)

इंग्रजीतही हे शब्द आभाळातून पडले नाहीत. 'फ्लर्ट' सोळाव्या शतकात आला तेव्हा त्यात प्रेम नव्हतंच. झटका देणे, टिचकी मारणे, टोमणा मारणे असे त्याचे अर्थ होते. हातातला पंखा फटकन उघडण्या-मिटण्यालाही हाच शब्द वापरत. प्रेमाशी खेळणे हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. 'टीज' तर त्याहून जुना, मुळात लोकर पिंजणे! 'डेट' हा त्यातला तरुण, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बोलीभाषेतून वर आलेला. थोडक्यात, पंखा, लोकर आणि कॅलेंडर यांतून इंग्रजीने आपला प्रणय जमवला.

मग चिनी भाषेकडे काही नव्हतं का? भरपूर होतं. नजरेच्या खेळाला 'मेइ लाइ येन छ्यू' म्हणतात, म्हणजे भुवया येतात, डोळे जातात. सुंदर स्त्रीच्या डोळ्यांना 'छ्यूबो' म्हणतात, म्हणजे शरद ऋतूतल्या पाण्यावरचे तरंग, आणि कुणाकडे तसा कटाक्ष टाकणे म्हणजे 'छ्यूबो पाठवणे'. १९९९ साली चिनी सरकारी वाहिनीच्या नववर्षाच्या कार्यक्रमातल्या एका प्रहसनात म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याच्या तोंडी या 'छ्यूबो'चा अर्थ 'शरद ऋतूतला पालक' असा घातला होता, कारण पालकाला म्हणतात 'बोत्साय'. देशभर हशा पिकला. आणि एखाद्याबद्दल ओढ वाटली तर 'वीज आली' म्हणतात. आपल्याकडे लाईट आले म्हटलं की आधी पाण्याची मोटर आठवते, असो :-)

तर सांगायचा मुद्दा हा की शब्दांची टंचाई नव्हती, टंचाई जागेची होती. लग्न ठरायचं आईवडिलांच्या आज्ञेने आणि मध्यस्थाच्या शब्दाने. त्यामुळे हे सगळे चाळे उरले कलावंतिणींच्या घरी, चोरट्या भानगडींत किंवा कादंबऱ्यांत. चांगल्या घरच्या मुलामुलींनी एकमेकांशी खेळकर बोलावं, आणि ते वाईट नसावं, या कल्पनेलाच घर नव्हतं. म्हणून या शब्दांना एक डाग चिकटला, आणि शब्दकोशातून तो 'फ्लर्ट'लाही लागला.

हे बदलायला सुरुवात झाली १९१९च्या आसपास, 'चार मे' चळवळीच्या पिढीत. 'लियेन-आय' हा प्रेमासाठीचा नवा शब्द जपानमार्गे रूढ झाला. 'लांगमान' म्हणजे रोमँटिक, तोही तसाच. अक्षरं जुनी चिनी, अर्थ युरोपचा, वळसा जपानचा. त्याहून गंमत म्हणजे 'ती' या सर्वनामासाठी वेगळं अक्षरच नव्हतं. तो, ती, ते, सगळं 'ता'. स्त्रीचं चिन्ह जोडलेलं नवं 'ता' रुजवण्याचं श्रेय कवी-भाषातज्ज्ञ लियू बाननोंग यांना देतात. लंडनमध्ये शिकत असताना १९२० साली त्यांनी लिहिलेल्या एका प्रेमकवितेमुळे ते घरोघरी गेलं. उच्चार मात्र आजही एकच. म्हणून चिनी माणूस इंग्रजी बोलताना 'ही' आणि 'शी'ची अदलाबदल करतो, तेव्हा हसू नये.

पण उसने शब्द, उसने हावभाव पुरतात का? लू शून यांनी १९२५ साली 'शांगश्र' नावाची कथा लिहिली. त्यातला नायक नव्या विचारांचा. तो प्रेम व्यक्त करताना गोंधळून जातो आणि सिनेमात पाहिलेली पद्धत वापरतो : तिचा हात धरून एक गुडघा टेकतो. पुढे ते आठवलं की त्याला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिला मात्र त्या दिवसाचा शब्द न् शब्द पाठ असतो. दोघं लग्नाशिवाय एकत्र राहतात, त्याची नोकरी जाते, पैसे संपतात, तो तिला प्रेम उरलं नसल्याचं सांगतो. ती बापाकडे परत जाते आणि मरते. मला ही कथा फार अस्वस्थ करते. त्या गुडघा टेकण्याची पूर्ण किंमत तिने मोजली.

पुढचा इतिहास सरळ रेषेत गेला नाही. १९५०च्या विवाह कायद्याने लादलेली लग्नं बेकायदा ठरवली, ही मोठीच गोष्ट. पण सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६ ते १९७६) प्रेमाची भाषाच भांडवलशाही ठरली. १९७९च्या फौजदारी कायद्यात 'ल्यूमांग' म्हणजे गुंडगिरी हा मोघम गुन्हा आला, आणि १९८३च्या 'कठोर प्रहार' मोहिमेत त्याच्याखाली घरगुती नाचाच्या पार्ट्या आणि लग्नाबाहेरचे संबंधसुद्धा आले. शिक्षा थेट मृत्युदंडापर्यंत जाऊ शकत होती. हा गुन्हा कायद्यातून गेला १९९७ साली. शब्दाची व्याख्या सैल असली की काय होतं, ते इथे दिसतं. आपल्याकडे सैल व्याख्येने बग येतो, तिथे माणसं तुरुंगात गेली.

आणि याच काळात, १९८२ पासून, चिनी सरकारी वाहिनीवर बीबीसीची 'फॉलो मी' ही मालिका लोकांना इंग्रजी शिकवत होती. पुढे 'फ्रेंड्स'च्या सीड्या आल्या. चाळे शिकायचे ते परक्या भाषेत, असा जमानाच आला. परक्या भाषेचा एक फायदा असतो : तिच्यात आपली आजी बोललेली नसते. मराठीत 'तू मला आवडतेस' म्हणताना ज्याची बोबडी वळते, तोच 'आय लव्ह यू' एसेमेस करून मोकळा होतो. ते याचमुळे.

आता चिनी तरुणांनी स्वतःचा शब्द काढलाय, 'ल्याओ'. मूळ अर्थ उचलणे, डिवचणे. २०१६च्या सुमारास तो फ्लर्टिंगसाठी सगळीकडे झाला. आणि एक शब्द असा, की जिथे इंग्रजीच हात टेकते : 'सा-ज्याओ'. आपल्या माणसापुढे लाडीगोडी लावणे, मुद्दाम लहान मूल होणे. इंग्रज शिक्षक याला अख्खं वाक्य खर्च करतो. मराठीत दोन शब्दांत काम होतं : लाडात येणे.

मला वाटतं, या सगळ्या शब्दांचा खरा अर्थ समोरच्याच्या चेहऱ्यावर असतो. तिला हसू आलं तर ते 'त्याओछिंग', नाही आलं तर 'त्याओशी'. हे कुठल्याच शब्दकोशात सापडत नाही. चिनी, इंग्रजी की मराठी, हा प्रश्नच नाही.