खाजगी वाटेचे कागद

जुन्नर प्रांताचा इतिहास शिवनेरीपासून सांगण्याचा प्रघात असला, तरी या मुलुखाची जुनी मिळकत त्याच्या वाटांवर होती. सातवाहनांच्या अमदानीत कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरास येई; घाटमाथ्यावर, सातवाहन राणी नागनिकेचा लेख ज्या लेण्यात कोरलेला आहे त्याच्या नजीक, जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण अद्यापि उभा आहे. वाट सर्वांना मोकळी, परंतु तिच्यावरून कोणी, काय घेऊन आणि कोणाच्या परवानगीने जावे याचा निवाडा करणारी सत्ता मात्र एका टोकाला ठाण मांडून बसलेली, ही व्यवस्था निदान तितकी पुरातन आहे.

तिचे लेखी स्वरूप पेशवाईत ठळकपणे दिसते. चौक्यांवर अटकाव होऊ नये म्हणून सरकारातून दस्तक मिळे, आणि त्यात माणसे किती, बैल किती, जिन्नस कोणते, कोठून कोठे जावयाचे, असा नेमका मजकूर असे. ज्या कागदावर असले लिखाण होई त्यात जुन्नरच्या कागदी लोकांनी हाताने केलेला जुन्नरी कागद दौलताबादी कागदाच्या जोडीने नावाजलेला होता, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते. परंतु कागद कितीही सफाईदार असो आणि मोडीचे वळण कितीही घोटीव असो, शिक्का उठल्यावाचून त्या लिखाणाला किंमत नसे. आणि शिक्का काही कारकुनाच्या कलमदानात पडलेला नसे. तालिक, म्हणजे नक्कल, करून घेणे कोणालाही शक्य होते, तिच्यावर मोर्तब करणे शक्य नव्हते.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, मीना नदीच्या खोऱ्यात नारायणगावाला खेटून वसलेल्या वारूळवाडीच्या परिसरात विसाव्या शतकात एक निराळाच घाट उघडला. पुणे जिल्ह्याला अशा कामाचा पूर्वानुभव होता. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी बीम सेवा सुरू झाली, तेव्हा तिची यंत्रे खडकी आणि दौंड येथे बसविलेली होती. पुढे १ जानेवारी १९४७ रोजी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे सरकारी खाते स्थापन झाले आणि १९७१ साली त्या खात्याने वारूळवाडीपासून जवळच असलेल्या आर्वी येथे सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी उभारून हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाशी संधान बांधले. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला अवकाशशास्त्रज्ञ डॉ. विक्रम साराभाई निवर्तले. केंद्राला त्यांचेच नाव आहे, पण पंचक्रोशीत ते आर्वीचे उपग्रह केंद्र म्हणूनच ओळखले जाते. भोवतालच्या डोंगरांनी बाहेरच्या लहरींचा उपसर्ग अडविल्यामुळे हे खोरे आकाशाकडे कान लावण्यास सोयीचे ठरते. पुढे खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारली, तिच्या जागेच्या निवडीमागील अनेक कारणांपैकी तेही एक होय.

ओव्हरसीज खात्याच्या काळी एखाद्या बँकेला किंवा विमान कंपनीला परदेशातील आपल्या कचेरीशी अष्टौप्रहर संबंध हवा असल्यास ती लीज लाइन भाड्याने घेई. अर्ज, करारनामा आणि ठरावीक मुदतीचे बिल, एवढाच काय तो कागदांचा व्यवहार. ज्या काही जुळण्या करावयाच्या त्या खात्याचे अभियंते करीत आणि गिऱ्हाइकाला त्यांचा पत्ताही नसे. लाइन दुसऱ्या कोणाला दिलेलीच नसे, म्हणून ती खाजगी. हा खाजगीपणा अतिशय महाग होता, हे सांगणे नलगे.

१९९५ सालच्या ऑगस्ट महिन्यात मात्र दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. ओव्हरसीज खात्याचा वारसा १९८६ पासून चालविणाऱ्या विदेश संचार निगमाने १५ ऑगस्टला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आणि त्याच महिन्यात, साता समुद्रांपलीकडे, इंटरनेटच्या उघड्या वाटेवरून सांकेतिक आवरणात संदेश नेण्याच्या आयपीसेक या पद्धतीचे पहिले मसुदे प्रसिद्ध झाले. वाट आता सर्वांची झाली होती, तेव्हा खाजगीपणा प्रत्येकाने स्वतःपुरता निर्माण करावयाचा होता, आणि त्यासाठी दोन्ही टोकांना एकच बोली, एकच संकेत आणि एकमेकांची ओळख ठाऊक असणे अपरिहार्य झाले. व्हीपीएन, म्हणजे आभासी खाजगी जाळे, ते हेच. त्याच्या जुळण्यांचा मजकूर एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालण्याची रीत, म्हणजे एक्स्पोर्ट आणि इम्पोर्ट, ही या नव्या व्यवस्थेची दस्तकेच म्हटली पाहिजेत.

या दस्तकांपैकी सर्वाधिक प्रचारात आले ते ओपनव्हीपीएनचे. त्याचा कर्ता जेम्स योनान मध्य आशियात प्रवास करीत असताना परक्या मुलुखांतील सेवांमधून आपल्या कचेरीशी जोडला जाई, आणि त्या वाटेचा भरवसा न वाटल्यामुळे त्याने २००१ साली हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. त्याची फाइल उघडून पाहिली तर साध्या अक्षरांतल्या मोजक्या ओळी दिसतात: ज्या सर्व्हरकडे जावयाचे त्याचा पत्ता, पुढे बहुधा ११९४ हा पोर्ट क्रमांक, संदेश कोणत्या रीतीने धाडावयाचे त्याची खूण, आणि शेवटी प्रमाणपत्र व किल्ली कोठे ठेवली आहे त्याचा निर्देश. कोठून कोठे, कोणत्या साधनाने, कोणाच्या मोहोरेने. मजकुराची ठेवण मला तरी अगदी ओळखीची वाटली.

लिनक्सवरील नेटवर्क मॅनेजर हे सॉफ्टवेअर २००४ च्या सुमारास रेड हॅट कंपनीत जन्मले आणि त्यात अशा फायली घेण्याची व देण्याची सोय झाली. देण्यातली मेख अशी की, एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये पासवर्ड येत नाही, आणि प्रमाणपत्रांचा नुसता ठावठिकाणा येतो. ती प्रमाणपत्रे जुन्याच यंत्रावर राहिली, तर नव्या यंत्रावर ती फाइल रिकाम्या पाकिटासारखी पडून राहते. कोरोनाच्या टाळेबंदीच्या दिवसांत पुण्यातील हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांतील तरुण मंडळी गावोगावच्या घरी परतली, तेव्हा जुन्या लॅपटॉपवरची जोडणी नव्यावर नेऊ पाहणाऱ्या कित्येकांनी या त्रुटीला बोल लावला असेल. "प्रोफाइल तर इम्पोर्ट केलं, पण व्हीपीएन कनेक्टच होत नाही" हे वाक्य त्या काळात घराघरांतून ऐकू येई. मला मात्र यात त्रुटी दिसत नाही. ज्या लिहिणाराने मजकूर दिला आणि शिक्का राखून ठेवला, त्याने दफ्तरातील जुनीच सावधगिरी पाळली, असे माझे मत आहे. याउलट सिस्को कंपनीच्या जुन्या पीसीएफ फाइलमध्ये गटाचा पासवर्ड वेष पालटून बसविलेला असे. तो वेष इतका पातळ निघाला की जाणत्यांनी तो सहज उतरवला.

वायरगार्ड हे अलीकडचे सॉफ्टवेअर मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले. त्याची फाइल ओपनव्हीपीएनच्या फाइलहूनही आटोपशीर आहे, पण तिच्यात खाजगी किल्ली सामान्यतः उघड अक्षरांत लिहिलेली असते, म्हणजे दस्तक आणि मोहोर एकाच पाकिटात. अशी फाइल वारूळवाडीतल्या एखाद्या मुलाने नारायणगावच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्हसकट विसरली, तर मूळ आणि नक्कल यांत काही भेद उरत नाही, आणि जिच्या हाती ती लागेल ती व्यक्ती वाटेची हकदार ठरते. अशा वेळी कचेरीतला जबाबदार इसम त्या फाइलच्या मागे धावत नाही. सर्व्हरवरील यादीतून त्या किल्लीच्या जोडीदार सार्वजनिक किल्लीची ओळ तो काढून टाकतो, आणि पेनड्राइव्हवरचा मजकूर जशाचा तसा राहूनही त्या क्षणापासून निकामी होतो.