चिटणिशीचें सुख

चार्ल्स लॅम या इंग्रज निबंधकारानें ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरींत ३३ वर्षें कारकुनी केली, आणि १८२५ सालीं तींतून सुटल्यावर त्या सुटकेवरच एक निबंध लिहिला. आम्ही अध्यापक मंडळी तो मोठ्या आवडीनें शिकवितों आणि लेखणीची चाकरी म्हणजे बुद्धिमंताचा तुरुंग, असा समज नकळत पसरवितों. (समोरचीं निम्मीं मुलें पुढें कचेरींतच जावयाचीं असतात, हें त्या वेळीं कोणास आठवतें!) या समजास बाध आणणारें चरित्र महादेव देसाई यांचें.

सुरत जिल्ह्यांतील सरस गांवीं १८९२ सालीं जन्मलेले महादेवभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर व वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले. १९१७ सालीं ते गांधीजींकडे आले आणि अखेरपर्यंत त्यांचे चिटणीस राहिले. पत्रांचे मसुदे करावे, भेटीस येणारांची सोय पाहावी, संभाषणें टिपावीं, 'हरिजन'साठीं मजकूर सिद्ध करावा, असा त्यांचा दिवस. गांधीजी वर्ध्याजवळ सेगांवीं राहूं लागले तेव्हां महादेवभाईंचें बिऱ्हाड मगनवाडींत होतें. भर उन्हाळ्यांतही ते कागदपत्रें घेऊन पायीं जात-येत, म्हणजे सुमारें ११ मैल. गांधीजींचें आत्मचरित्र जगानें इंग्रजींत वाचलें तें मुख्यतः त्यांच्याच लेखणींतून.

हें सर्व सुखासुखीं झालें असें मात्र समजूं नये. १९३८ सालीं ओरिसांत डेलांग येथें मुक्काम असतां कस्तुरबा व महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथमंदिरांत जाऊन आल्या. हरिजनांना जेथें मज्जाव तेथें आपलीं माणसें गेलीं, याचा गांधीजींस जबर धक्का बसला; बायकांना आधीं नीट समजावून दिलें नाहीं, हा दोष त्यांनीं महादेवभाईंच्याही पदरीं घातला. महादेवभाईंनीं निघून जाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाहीं. तेव्हां हा प्रसंग त्यांनीं स्वतःच 'हरिजन'मध्यें लिहिला आणि आपली व्यथा लपविली नाहीं. मला त्यांच्या समाधानाची साक्ष येथेंच पटते. त्यांना दुःख होत होतें, तें बोलून दाखविण्याची मोकळीक होती, आणि तरी काम सुटलें नाहीं.

एवढी प्रतिभा दुसऱ्याच्या टिपणांत खर्ची पडली, अशी हळहळ कित्येक करितात. त्यांनीं महादेवभाईंची रोजनिशी वाचावी. तींत स्वतःविषयीं मजकूर थोडा. पण ऐकणारा इतका जागा, कीं वाचकास तोच दिसूं लागतो.

९ ऑगस्ट १९४२ रोजीं गांधीजींबरोबर त्यांनाही अटक होऊन पुण्याच्या आगाखान महालांत ठेवण्यांत आलें. १५ तारखेस हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. देहास स्नान गांधीजींनीं स्वतः घातलें. महालाच्या आवारांत त्यांची समाधि आहे. १९४४ सालीं तिच्या शेजारीं कस्तुरबांची झाली.