प्रबंध आहे, पण सापडत नाही

धरणावरचा मागचा भाग ऐकून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, पाण्याखाली गेलेल्या जमिनींचे आकडे मिळाले कुठून? कचेरीतून का? नाही. एका पीएच.डी.च्या प्रबंधातून. तो प्रबंध हाती यायला मला सात महिने लागले, आणि त्या सातही महिन्यांत तो इंटरनेटवर फुकट, सगळ्यांसाठी उघडा पडलेला होता. आज तीच हकिगत.

जे आपल्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगतो. मांजरा धरण केज तालुक्यात, धनेगावला आहे. त्याचं पाणी लातूर शहर पितं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, आठवत असेल. माझ्या आईच्या मावशीचं शेत या धरणात गेलं. किती गेलं ते घरात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. दर लग्नात आकडा दोन एकरांनी वाढायचा.

आता विद्यापीठाकडे येऊ. आपल्याकडे विद्यापीठ म्हणजे कायम लांबची गोष्ट. निजामाच्या राज्यात ते हैदराबादला. १९१८ चं उस्मानिया, आणि शिकवणं उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ ला, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं. १४ जानेवारी १९९४ ला त्याचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं आणि लातूर तिकडे गेलं, बीड इकडेच राहिलं. इतिहासाच्या पुस्तकात ही एका ओळीची गोष्ट, पण शोधणाऱ्याला ती महागात पडते. धरण केजात, पाणी लातुरात. म्हणजे एकाच धरणावर केजच्या पोराने काही लिहिलं तर ते एका ग्रंथालयात जाणार आणि लातूरच्या पोराने लिहिलं तर दुसऱ्या. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

आणि प्रबंध म्हणजे पुस्तक नव्हे. मोजक्याच बांधीव प्रती. त्यातली एक ग्रंथालयात, तीही घरी न्यायची नाही, तिथेच बसून वाचायची. केजहून एसटीने जायचं म्हणजे अख्खा दिवस प्रवासातच.

२००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला की प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही जमा करायचा. त्यातून ‘शोधगंगा’ उभी राहिली. ती चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र, डीस्पेस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर. पण माल भरायचा कोणी? ज्या त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने. कालपर्यंत पुस्तकाच्या पाठीवर नंबर चिकटवणारा माणूस आता जुने प्रबंध स्कॅन करायला लागला, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ करायला लागला आणि प्रत्येक प्रबंधाचा फॉर्म भरायला लागला. नाव, मार्गदर्शक, विभाग, वर्ष, विषयशब्द. माझ्या मते सगळी गोम त्या विषयशब्दांत आहे.

कारण बघा. आपलं ‘केज’ इंग्रजीत कसं लिहितात? सरकारी कागदावर के-ए-आय-जे. ज्याला हे माहीत नाही तो कानाला लागतं तसं के-ई-जे लिहिणार. नदीचं तर विचारूच नका. मांजरा, मांजऱ्या, आणि तेलंगणात गेली की मंजिरा. मी सगळी स्पेलिंगं टाकून पाहिली, मग देवनागरीत टाकून पाहिलं. काही नाही. मनात म्हणलं, यावर कोणी कामच केलं नसेल. सात महिन्यांतले पाच मी हेच धरून बसलो होतो.

शेवटी ओळखीच्या एका ग्रंथपालांना फोन लावला. ते म्हणाले, “नदीचं नाव सोडा. विभाग उघडा आणि एकेक वर्षाची यादी डोळ्यांनी वाचा.” तसं केलं आणि दोन रात्रींत सापडला. शीर्षकात नदीचं स्पेलिंग चौथ्याच प्रकारचं, केज कुठेच नाही. (कुठल्या विद्यापीठाचा, ते सांगत नाही. हे कुठेही होऊ शकलं असतं.)

आत मराठी छान दिसत होतं. पण ‘धनेगाव’ शोधायला सांगितलं तर उत्तर शून्य, आणि समोर पानावर धनेगाव लिहिलेलं! एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली, तर इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा चिवडा. हा जुन्या फॉन्टांचा प्रताप. डीटीपीच्या काळात मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असायचे. दिसायला ‘क’, आत भलतंच अक्षर. आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण आपल्या टायपिंगच्या दुकानांत ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर कितीतरी प्रबंध असेच टाइप होऊन गेले. माणसाला वाचता येतात, मशीनला नाही. म्हणून ‘इतके हजार प्रबंध चढवले’ असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला विचारावंसं वाटतं, त्यातले मराठी शब्द टाकून किती सापडतात?

मग आम्ही पानांची चित्रं करून ती टेसरॅक्ट या मोफत ओसीआरमधून काढली. मजकूर बरा आला. पण घ-ध ची गल्लत, आणि तक्त्यात १ चा ९. जमिनीच्या तक्त्यात १ चा ९ म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. तेवढा तक्ता भाचीने आणि मी मिळून हाताने टाइप केला, एक वाचणार, एक लिहिणार, आणि परत उलटं.

तो तक्ता गावागणिक होता, खातेदारागणिक नाही. त्यामुळे गावाचं किती गेलं ते कळलं, मावशीचं किती ते नाही. मामा अजून बारा एकरच म्हणतात.