घर बांधण्यापासून शेत ठरवण्यापर्यंत

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने मराठवाड्यातले सास्तूर गाव जमीनदोस्त केले. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचा भार. माणसे झोपेतच त्याखाली गाडली गेली. पुढे सास्तूरसारखी ५२ गावे नव्या जागी वसली. तिथले आराखडे मुख्यतः सरकार, तज्ज्ञ आणि देणगीदार संस्थांनी ठरवले. लातूर-उस्मानाबादमधल्या इतर शेकडो गावांत मात्र सरकारी मदतीतून लोकांनीच आपली घरे मजबूत करायची होती. घर मजबूत करण्याची विद्या घरोघरी नेणार कोण?

या प्रश्नाच्या उत्तराचे मूळ मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर सापडते. १९८४मध्ये स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने तिथल्या बायकांसोबत काम सुरू केले. आपल्याला परवडेल अशा घराचे नमुने त्या बायकांनी स्वतः उभारून दाखवले. त्यांची 'महिला मिलन' ही संघटना झाली. स्पार्कच्या संस्थापकांपैकी प्रेमा गोपालन तो अनुभव घेऊन मराठवाड्यात आल्या.

इथे महिला मंडळांतून 'संवाद सहायक' पुढे आल्या. भिंतीत आरपार दगड कुठे घालायचा, कोपरे कसे सांधायचे, माळवदावरची माती किती उतरवायची, हे शिकून त्या घरमालकांना समजावू लागल्या, अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. सरकारी कार्यक्रमात त्यांना अधिकृत स्थान होते, ही यातली कळीची गोष्ट. अधिकाराविना सोपवलेली जबाबदारी म्हणजे नुसते ओझे.

१९९८मध्ये प्रेमा गोपालन यांचा 'स्वयं शिक्षण प्रयोग' स्वतंत्र संस्था झाला. २००१च्या भूकंपानंतर गुजरातेत आणि २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मराठवाड्यातल्या या बायकाच शिकवायला गेल्या. मग मराठवाड्यात दुष्काळाने नवा प्रश्न उभा केला. बायकांनी घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा मागून घेतला आणि त्यात काय पेरायचे ते स्वतः ठरवले: घरी खाता येईल असे धान्य, डाळी, भाज्या. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या नेत्या या कामातून पुढे आल्या. २०१७मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

२०२२मध्ये प्रेमाताई गेल्या. काम चालू आहे. संस्थापकाने हाताखालची कामे वाटली, तर मदतनीस तयार होतात. घर कसे असावे, शेतात काय असावे, हे ठरवण्याचा हक्कच वाटला, तर पुढच्या संस्थापक तयार होतात. भूकंपाच्या या पट्ट्याने ते सिद्ध केले आहे.