मर्यादा विचारली असती तर : २५ नोव्हेंबर २०२०

(सर्व वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या)

पहाटे २:४४ – उत्तर व्हर्जिनियात अ‍ॅमेझॉनच्या कायनेसिस या डेटा-प्रवाह सेवेच्या दर्शनी (फ्रंट-एंड) फळीत थोडे नवे सर्व्हर जोडायला सुरुवात. काम नेहमीचंच.

३:४७ – जोडणी पूर्ण. या फळीत हजारो सर्व्हर आहेत आणि त्यातला प्रत्येक सर्व्हर बाकीच्या प्रत्येकाशी बोलायला एक वेगळा थ्रेड उघडून ठेवतो. म्हणजे एक सर्व्हर वाढला की सगळ्या सर्व्हरवर एकेक थ्रेड वाढतो. नव्याची खबर सर्वांपर्यंत पोचायला तासभरही लागू शकतो, त्यामुळे अजून सगळं ठीक दिसतंय.

थ्रेड किती उघडता येतील, याला ऑपरेटिंग सिस्टिमची मर्यादा असते. ती लपवलेली नसते. लिनक्सवर पायथनच्या ‘रिसोर्स’ मॉड्यूलमधल्या ‘गेटआरलिमिट’ला विचारा, सॉफ्ट आणि हार्ड असे दोन्ही आकडे तत्काळ मिळतात. संपूर्ण यंत्राची कमाल संख्या ‘प्रॉक’खालच्या एका फाइलीत असते, चालू थ्रेडही तिथेच मोजता येतात. मर्यादेतून चालू संख्या वजा केली की शिल्लक किती ते कळतं. दर मिनिटाला विचारावा असाच हा आकडा आहे.

५:१५ – पहिले अलार्म. नोंदी लिहिताना आणि वाचताना चुका. नव्या सर्व्हरवर संशय आहे, पण काही चुका त्यांच्याशी संबंधित वाटत नाहीत, म्हणून तपासाला फाटे फुटत जातात. थ्रेड मिळत नसल्याने कुठली विनंती कुठे पाठवायची याचा नकाशाच सर्व्हरना पूर्ण करता येत नाही.

कायनेसिसवर उभ्या असलेल्या सेवाही अडखळू लागतात : देखरेखीची सेवा क्लाउडवॉच, लॉगिनची सेवा कॉग्निटो. ग्राहकांना बिघाड कळवणारं पान ज्या साधनाने अद्ययावत करायचं, तेही कॉग्निटोवरच अवलंबून!

७:५१ – संशयित मोजकेच उरतात. त्यातलं कोणतंही कारण खरं ठरलं, तरी अख्खी फळी रीस्टार्ट करावी लागणार.

९:३९ – कारण पक्कं. नव्या सर्व्हरमुळे फळीतल्या प्रत्येक यंत्राने थ्रेडची मर्यादा ओलांडली होती. मर्यादा वाढवून मोकळं होण्याचा मोह कुणालाही झाला असता. पण चाचणीविना ती वाढवायची नाही, असं ठरलं; नवे सर्व्हर तर नुकतेच काढून झाले होते. माझ्या मते हा त्या दिवसातला सर्वांत शहाणा निर्णय.

१०:०७ – पहिली तुकडी सुरू. घाई केली तर नकाशा बांधणं आणि विनंत्या हाताळणं यांत ओढाताण होते, म्हणून तासाला काहीशेच सर्व्हर.

रात्री १०:२३ – कायनेसिस पूर्ववत.

त्यानंतर अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं : कमी पण मोठे सर्व्हर वापरणार, म्हणजे थ्रेडही कमी लागतील, आणि थ्रेडच्या वापरावर बारकाईने नजर ठेवणारे अलार्म बसवणार.