स्पेसबार दाबला की पुढचे चित्र

१९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये चित्रांसाठी पेंटब्रश होता. त्याला बीएमपी, पीसीएक्स असे मोजकेच प्रकार कळत. मॉडेमवरून रखडत रखडत, फोनचे बिल वाढवत उतरवून घेतलेली जीआयएफ फाइल मात्र तो उघडत नसे. चित्र डिस्कवर आलेले असायचे, पण डोळ्यांना दिसायचे नाही. ते नुसते दाखवणारा वेगळा प्रोग्राम लागायचा, आणि तो बहुतेक वेळा कुणा एकट्या माणसाने लिहिलेला असायचा.

जीआयएफ हा प्रकार अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ मध्ये आणला. त्यात जास्तीत जास्त २५६ रंग, पण वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांवर तेच चित्र दिसे. छायाचित्रांना २५६ रंग पुरत नाहीत. ती उणीव १९९२ मध्ये प्रमाण ठरलेल्या जेपीईजीने भरून काढली. जेपीईजीचा प्रसार मुख्यतः ज्यामुळे झाला, ते काम मात्र त्याआधीच हातात आले होते. टॉम लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या इंडिपेंडंट जेपीईजी ग्रुपने ऑक्टोबर १९९१ मध्ये ही चित्रे उलगडणारा आणि दाबून साठवणारा कोड सर्वांसाठी मोफत खुला केला. पुढच्या असंख्य प्रोग्रामांचा पाया हाच कोड आहे. प्रोग्राम बनवणाऱ्यांची नावे थोडीफार लक्षात राहतात, हा पाया घालणारे मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत.

युनिक्सच्या जगात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉन ब्रॅडली यांचा एक्सव्ही लोकप्रिय झाला. चित्रावर माउसचे उजवे बटण दाबले की नियंत्रणांचा फलक समोर येई. प्रोग्राम शेअरवेअर होता: आधी वापरून पाहा, कामाचा वाटला तर २५ डॉलर पाठवा. विंडोजवर १९९४ च्या सुमाराला एसीडीसी आला. एक चित्र पाहून होईपर्यंत पुढचे आधीच उलगडून ठेवायचे, ही त्याची खुबी. त्या काळच्या संथ यंत्रांवर एकेका जेपीईजीसाठी ताटकळावे लागे, त्यामुळे एवढ्याशा युक्तीने कामाची लयच बदलून जाई.

१९९६ मध्ये व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या इरफान श्किल्यान यांनी आपला इरफानव्ह्यू लोकांसमोर ठेवला. ते मूळचे बोस्नियातल्या यायत्से गावचे. हलणारे जीआयएफ दाखवणारा विंडोजवरचा जगातला पहिला प्रोग्राम आपलाच, असा त्यांचा दावा आहे. सुरुवातीच्या काळात हा प्रोग्राम एका फ्लॉपीत मावण्याइतका लहान होता. मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम फुगत गेले, तरी याने आपला आटोपशीरपणा सोडला नाही. हा संयम मोठा आहे.

इरफानव्ह्यू बसवताना कोणकोणत्या फाइली यापुढे याच प्रोग्रामात उघडायच्या, हे विचारले जाते. तिथे फक्त चित्रांचे प्रकार निवडावेत. सरसकट सगळ्यांवर खूण केली, तर गाणी आणि व्हिडिओही इथेच उघडू लागतात. प्लगइनची, म्हणजे जास्तीच्या सोयी देणाऱ्या जोड-प्रोग्रामांची, फाइल वेगळी उतरवावी लागते आणि ती प्रोग्रामच्याच जातीची, म्हणजे ३२ बिटला ३२ आणि ६४ ला ६४, असावी लागते. एवढे झाले की कळफलकच पुरतो. स्पेसबारने पुढचे चित्र, बॅकस्पेसने मागचे, एंटरने पूर्ण पडदा, टी दाबला की सगळ्या चित्रांच्या छोट्या प्रती, बी दाबला की शेकडो फाइलींचे एकगठ्ठा रूपांतर.

आडवा पडलेला फोटो उभा करण्याची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडते आणि एकेक चौकोन दाबते. फोटो नेहमीच्या रीतीने फिरवून पुन्हा साठवला, तर सगळे चौकोन उलगडून पुन्हा दाबले जातात आणि दर वेळी थोडा तपशील गळतो. इरफानव्ह्यूमध्ये प्लगइन असेल, तर शिफ्ट आणि जे दाबून दुसरी वाट धरता येते. चौकोनांतले आकडे पुन्हा न दाबता फक्त त्यांची जागा आणि दिशा बदलते, फोटोचा कस जात नाही. घरातल्या जुन्या फोटोंच्या स्कॅन केलेल्या प्रती जपणाऱ्याने हे जरूर शिकून घ्यावे.

महाराष्ट्रात अशा प्रोग्रामाची गरज सर्वांत जास्त भासते ती ऑनलाइन अर्ज भरताना. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी, अशी मर्यादा असते. मोबाइलवर काढलेला फोटो याच्या कितीतरी पट मोठा. इरफानव्ह्यूमध्ये कंट्रोल आणि आर दाबून लांबी-रुंदी कमी करायची, मग एस दाबून जेपीईजी साठवताना हवे तेवढे केबी लिहायचे. मूळ फोटोवर मात्र कधीही साठवू नये, नवे नाव द्यावे. एकदा गेलेले बिंदू परत येत नाहीत.

घरगुती वापरासाठी आणि शिक्षणासाठी इरफानव्ह्यू आजही मोफत आहे, व्यावसायिक वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. ज्या दुकानात याच्या जोरावर दिवसाला कित्येक अर्जांचे फोटो लहान करून दिले जातात, त्या दुकानाच्या मालकाने तो परवाना जरूर घ्यावा.