बिरड्याचा सण

बिरड्याचा सण हे महाराष्ट्रातील बेने इस्रायली (मराठीभाषक ज्यू) समाजात 'तिशा बआव' या उपवासदिनाचे पारंपरिक नाव होय. हिब्रू पंचांगातील अव महिन्याच्या नवव्या तिथीस, सर्वसाधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये, हा दिवस येतो. जेरुसलेमचे पहिले मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने, तर दुसरे इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केले. त्या दोन्ही विध्वंसांचा हा शोकदिन आहे.

नाव

या दिवसाशी जोडलेल्या जेवणात मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे केले जात असे, त्यावरून हे नाव पडले. अव महिन्याच्या आरंभीचे दिवस ज्यू परंपरेत मांसाहार वर्ज्य असतो, आणि कोकणात अशा वेळी बिरडे ओघानेच आले. अन्यत्र ज्यू कुटुंबे उपवासाआधी मसूर किंवा उकडलेले अंडे खातात. शोकदिनाला 'सण' म्हणणे विसंगत वाटेल. परंतु बेने इस्रायलींनी बहुतेक धार्मिक दिवसांना अशीच घरगुती मराठी नावे दिली. 'नव्याचा सण' हे त्यांपैकीच एक.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या मते या समाजाचे पूर्वज दुसऱ्या मंदिराच्या पाडावापूर्वीच कोकणात आले होते व हा उपवास त्यांना पुढे दावीद रहाबी यांनी शिकवला. रहाबींच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

अवज्ञा आणि अनुत्तरित प्रार्थना

मिश्नेनुसार याच तिथीला वाळवंटातील पिढीस वचनदत्त भूमीत प्रवेश नाकारला गेला. हेरांच्या वार्तेने घाबरून लोकांनी पुढे जाण्याची आज्ञा मोडली. नंतर मनाई असताना लढायला गेले आणि हरले. परतून ते रडले, तरी परमेश्वराने ऐकले नाही, असे अनुवाद १:४५ मध्ये नमूद आहे. खुद्द मोशेचीही यार्देन ओलांडू देण्याची विनवणी फेटाळली गेली (अनुवाद ३:२३–२७). शौल राजाला तर नकारसुद्धा मिळाला नाही. स्वप्ने, ऊरीम आणि संदेष्टे, तिन्ही मार्ग मुके राहिले (१ शमुवेल २८:६).

पहिल्या मंदिराच्या अखेरच्या काळात यिर्मयाला या लोकांसाठी मध्यस्थी करूच नकोस, असे सांगितले जाते (यिर्मया ७:१६). कारण केवळ मूर्तिपूजा नव्हे: परदेशी, अनाथ व विधवा यांच्यावरील जुलूमही त्याच अध्यायात मोजला आहे.

या दिवशी सभास्थानात जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसून 'विलापगीत' वाचतात. त्यातील पाचांपैकी चार काव्ये हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत. शिक्षा न्याय्य असल्याची कबुली त्यांत आहे, पण कवी तेवढ्यावर थांबत नाही. देवाने स्वतःला मेघाने झाकून घेतल्यामुळे प्रार्थना पोहोचत नाही, अशी त्याची तक्रार आहे (३:४४), आणि भुकेने मरणाऱ्या मुलांचे वर्णन वाचताना कबुलीपेक्षा ही तक्रारच ठळक होते. देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, या शंकेवर ग्रंथ संपतो. वाचनात मात्र तेथेच न थांबता उपान्त्य ओळ, म्हणजे परत आणण्याची विनवणी, पुन्हा म्हणण्याची प्रथा आहे.

बाबेलहून परतल्यावर हा उपवास चालू ठेवावा का, असा प्रश्न बेथेलच्या लोकांनी विचारला होता. जखऱ्याचे उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असे नव्हते. पूर्वजांनी देवाची हाक ऐकली नाही म्हणून त्यांचीही ऐकली गेली नाही, याची त्याने आठवण दिली (७:१३). आणि पुढे हाच पाचव्या महिन्याचा उपवास आनंदाचा सण होईल, असे सांगितले (८:१९).